दूध जाते, भाकरी अडते : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : दाहक रसायन गिळल्यामुळे अन्ननलिका अरुंद झालेल्या बालकांच्या दीर्घकालीन उपचारांची व्यवस्था

महोदय,

दाहक रसायन चुकून गिळलेले मूल वाचले, दोन-चार दिवसांत दूध पिऊ लागले आणि घरी गेले, की रुग्णालयाच्या नोंदवहीत त्याचे प्रकरण ‘विषबाधा, प्रकृतीत सुधारणा’ अशा शेऱ्यासह मिटते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र आजाराचा मोठा भाग त्यानंतर सुरू होतो. घशापासून जठरापर्यंत अन्न वाहून नेणारी स्नायुमय नळी म्हणजे अन्ननलिका. रसायनाने भाजलेली ही नळी भरून येताना तिच्या भिंतीत व्रणाची ताठर ऊती तयार होते, ती आखडत जाते आणि बहुधा तिसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान मार्ग इतका अरुंद होतो की आधी भाकरी, मग भात आणि अखेरीस वरणाचे पाणीसुद्धा उतरेनासे होते. या अवस्थेला डॉक्टर ‘स्ट्रिक्चर’ म्हणतात. तिच्यावरील उपचार प्रस्थापित आहेत आणि ते महाराष्ट्रातील मोठ्या रुग्णालयांत होतात. परंतु ते एका शस्त्रक्रियेत आटोपणारे नाहीत. ठरलेल्या अंतराने, अनेकदा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ, पुन्हा पुन्हा करावयाच्या लहान कृतींची ती मालिका असते, आणि राज्याची आरोग्यव्यवस्था कृती मोजते, मालिका मोजत नाही. या पत्राचे सारे म्हणणे या एका विसंगतीभोवती आहे.

घरांत सापडणाऱ्या दाहक पदार्थांचे दोन मुख्य गट पडतात. पहिला अल्कांचा : तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या पुडीत किंवा साबण तयार करण्यासाठी आणलेल्या पांढऱ्या चकत्यांत असणारा कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, हा त्याचा ठळक नमुना. अल्क ऊतींमधील स्निग्धांशाचा साबण करतो आणि प्रथिने विरघळवतो, त्यामुळे भाजलेला थर पातळ होत जाऊन रसायनाला आणखी खोल वाट मिळते आणि काही मिनिटांतच इजा आतल्या आवरणापासून स्नायूंच्या थरापर्यंत पोचू शकते. दुसरा गट आम्लांचा : संडास साफ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल, गाडीच्या बॅटरीतील सल्फ्युरिक आम्ल, सोनारकामातील तेजाब. आम्लामुळे प्रथिने गोठतात व वर एक कठीण खपली धरते, जी रसायनाला खोल जाण्यापासून काही अंशी अडवते. यावरून ‘अल्क अन्ननलिका जाळतो, आम्ल जठर जाळते’ अशी सोपी विभागणी पाठ्यपुस्तकांत पूर्वी असे. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र आम्ल प्यायलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांच्या अन्ननलिकेला आणि जठराला अशा दोन्ही ठिकाणी इजा आढळली. भारतात आम्लच अधिक सहज मिळत असल्यामुळे ही बाब केवळ पुस्तकी दुरुस्तीची नाही. आम्ल प्यायलेल्या मुलाच्या जठराचे खालचे तोंडही काही आठवड्यांनी आखडू शकते, आणि मग गिळलेले अन्न तासाभराने उलटून पडते.

दोन्ही गटांत न बसणारी, पण परिणामाने अल्कांच्या पंक्तीला बसणारी एक वस्तू म्हणजे रिमोट, खेळणी आणि वजनकाटे यांत असणारी बटणाच्या आकाराची बॅटरी. वीस मिलिमीटर व्यासाची लिथियम बॅटरी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकली, की ती फुटण्याची गरजच उरत नाही; तिच्या विद्युतप्रवाहाने आसपासच्या ओलाव्यातच हायड्रॉक्साइड तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजणे सुरू होते. क्ष-किरण चित्रात ती नाण्यासारखी दिसते, त्यामुळे कडेला दुहेरी वलय आहे का, हे पाहण्याची सवय तालुक्याच्या ठिकाणीही असावी लागते.

महाराष्ट्राच्या शहरांत आम्ल गिळण्याच्या अपघाताचे साधन बहुतेकांच्या परिचयाचे आहे. वस्त्या-वस्त्यांतून फिनेल आणि ‘अ‍ॅसिड’ विकत फिरणारा विक्रेता ते पाण्याच्या जुन्या प्लॅस्टिक बाटलीत भरून देतो. बाटलीवरचे लेबल पाण्याच्या कंपनीचे असते, झाकण तेच असते, द्रव पाण्यासारखा किंवा फिकट पिवळसर असतो, आणि ती बाटली मोरीच्या कठड्याजवळ, म्हणजे रांगणाऱ्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या मुलाच्या बरोबर हाताशी ठेवली जाते. पाणी अशाच बाटलीतून मिळते हे त्या मुलाला आई-वडिलांनीच शिकवलेले असते. अशा घटनेनंतर घरच्यांच्या, त्यातही आईच्या, निष्काळजीपणावर ठपका ठेवला जातो, तो बहुतांशी अन्यायाचा आहे.

पहिल्या काही तासांत काय करू नये, हे काय करावे याहून महत्त्वाचे असते. उलटी करवली तर तेच रसायन अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजते आणि श्वासमार्गात जाण्याचा धोकाही असतो. आम्लावर सोडा किंवा अल्कावर लिंबू देण्याने उष्णता निर्माण होते आणि उलटीचीही भीती असते. मिठाचे पाणी आणि कोळशाची पूड निरुपयोगी तर असतेच, शिवाय पुढच्या तपासणीत अडथळा आणते. नाकातून जठरात नळी आंधळेपणाने सरकवणे आणि जठर धुणे, जे इतर विषबाधांमध्ये अजूनही हाताच्या सवयीने केले जाते, ते येथे घातक ठरू शकते. तोंड पाण्याने धुणे, कपडे बदलणे, बाटली सोबत घेणे आणि मुलाला रुग्णालयात नेणे इतकेच घरच्यांनी करावयाचे असते. ओठ व जीभ स्वच्छ दिसली म्हणून अन्ननलिकाही शाबूत आहे, असा निष्कर्ष निघत नाही; लाळ गळणे, गिळण्यास नकार, वारंवार उलटी आणि श्वास घेताना होणारा घर्र आवाज ही लक्षणे तोंडातील डागांपेक्षा अधिक बोलकी असतात.

लक्षणे असलेल्या मुलाची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, पहिल्या चोवीस तासांच्या आसपास व्हावी असे मानले जाते. साधारण पाचव्या ते पंधराव्या दिवसापर्यंत भाजलेली भिंत सर्वांत दुबळी असते आणि त्या काळात दुर्बीण घालणे टाळतात. तपासणीत दिसलेल्या इजेची प्रतवारी करण्यासाठी जगभर वापरली जाणारी पद्धत भारतीय आहे. चंडीगढच्याच संस्थेतील झरगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ती मांडली. तिच्यात शून्य म्हणजे इजा नाही. एक म्हणजे नुसती सूज व लाली. दोन-अ म्हणजे वरवरचे व्रण. दोन-ब म्हणजे खोल किंवा नळीच्या पूर्ण परिघाला वेढणारे व्रण. तीन-अ म्हणजे ठिकठिकाणी मृत झालेली ऊती आणि तीन-ब म्हणजे सर्वदूर ऊतिनाश. दोन-अ पर्यंतची मुले बहुधा कायमचा दोष न राहता बरी होतात, तर दोन-ब आणि त्यापुढील श्रेणींत बहुतेकांना स्ट्रिक्चर होते. याचा अर्थ असा, की कोणत्या मुलाला तीन आठवड्यांनी परत बोलावणे अत्यावश्यक आहे, हे पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच कळू शकते. तरीही ती श्रेणी घरी सोडतानाच्या कागदावर लिहिली गेली नाही, तर तपासणीचा अर्धा उपयोग वाया जातो.

व्रण होऊच नये म्हणून काही देता येईल का, हा प्रश्न जुना आहे. स्टेरॉइड औषधे सूज व व्रणाची वाढ रोखतात, म्हणून ती अनेक दशके दिली जात. वॉशिंग्टनमधील बालरुग्णालयात अठरा वर्षे चाललेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साठ मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली गेली. स्टेरॉइड मिळालेल्या एकतीस मुलांपैकी दहांना आणि न मिळालेल्या एकोणतीस मुलांपैकी अकरांना स्ट्रिक्चर झाले, म्हणजे व्यवहारात फरक पडला नाही. पुढे २०१४ मध्ये तुर्कस्तानातील एका चाचणीत दोन-ब श्रेणीच्या मुलांना थोडे दिवस खूप मोठ्या मात्रेत दिलेल्या स्टेरॉइडचा फायदा दिसला, त्यामुळे वाद पूर्ण मिटलेला नाही. परंतु जवळजवळ प्रत्येक मुलाला सरसकट आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड देण्याला आज आधार उरलेला नाही, हे निश्चित.

आता मुख्य विषय. स्ट्रिक्चर घरात कसे दिसते, हे शासकीय यंत्रणेला ओळखता येणे आवश्यक आहे. आई सांगते, ‘दूध जाते, भाकरी अडते’. मूल जेवायला बसते, दोन घास घेते, घास छातीशी अडकल्यासारखे थांबते, मान पुढे काढून चिकट लाळेसह तोच घास बाहेर टाकते आणि मग जेवणालाच घाबरू लागते; घरात त्याला हट्टी किंवा चोखंदळ म्हटले जाते. अंगणवाडीत त्याच मुलाचे वजन आलेखावर खाली सरकत जाते आणि दंडाचा घेर कमी भरतो, म्हणून त्याची नोंद ‘तीव्र कुपोषित’ अशी होते. पोषण पुनर्वसन केंद्रात पातळ, दुधावर आधारित आहार दिला, की तो अरुंद मार्गातूनही उतरतो, वजन वाढते आणि मूल घरी सोडले जाते. घरी पुन्हा भाकरी-भाजी समोर येते आणि वजन पुन्हा घटते. या चक्रात कोणाची चूक नसते, फक्त ‘घास अडकतो का आणि पूर्वी काही गिळले होते का’ हा प्रश्न कोणत्याच तक्त्यात नसतो.

निदानासाठी बेरियमयुक्त पांढरे द्रव पाजून क्ष-किरण चित्रे घेतात. त्यांत निरोगी अन्ननलिका एकसारख्या पट्ट्यासारखी उतरते, तर स्ट्रिक्चर असलेली नळी वरच्या बाजूला फुगलेली आणि खाली एकदम दोऱ्याएवढी झालेली दिसते. अरुंद भाग एकच व आखूड असेल तर उपचारांना चांगला प्रतिसाद मिळतो. तो लांब, वेडावाकडा किंवा अनेक ठिकाणी असेल तर वाट खडतर असते.

उपचाराचा कणा म्हणजे रुंदीकरण. रुग्णालयात त्याला सर्रास डायलेटेशन म्हणतात. मूल उपाशीपोटी आणलेले असते. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालून श्वास सुरक्षित केला जातो, कारण अरुंद भागाच्या वर साचलेली लाळ व अन्नकण फुप्फुसात उतरण्याची भीती असते. मग दुर्बिणीतून अरुंद भागाचे तोंड शोधले जाते. पांढुरक्या ताठ कडेचे हे छिद्र कधी मधोमध, कधी एका बाजूला सरकलेले असते आणि काही मुलांत ते दोन मिलिमीटरांचेही नसते. त्यातून मऊ टोकाची बारीक तार जठरापर्यंत सरकवतात, ती जठरातच वळली आहे हे क्ष-किरण पडद्यावर पाहून घेतात आणि मग त्या तारेवरून निमुळत्या टोकाच्या पोकळ प्लॅस्टिक कांड्या, आधी बारीक आणि क्रमाने जाड, हळूहळू खाली ढकलतात. एका टप्प्यावर हाताला विरोध जाणवतो. तो व्रण ताणला जाऊ लागल्याचा संकेत असतो आणि तेथून पुढे एका बैठकीत साधारण तीन मिलिमीटरपेक्षा अधिक जाडी वाढवू नये, असा जुना दंडक आहे. बाहेर काढलेल्या कांडीवर रक्ताचा पुसट ओघळ असणे अपेक्षितच असते. भीती असते ती भिंत आरपार फाटण्याची. म्हणून त्यानंतर काही तास मुलावर नजर ठेवावी लागते, आणि छातीत दुखणे, ताप, वाढलेली नाडी किंवा मानेच्या कातडीखाली बोटाने दाबल्यावर हवेची करकर जाणवणे यांपैकी काहीही आढळले तर तातडीने तपास करावा लागतो. दाहक रसायनामुळे झालेल्या स्ट्रिक्चरमध्ये ही फाटण्याची शक्यता आम्लपित्ताच्या स्ट्रिक्चरपेक्षा अधिक असते.

कांड्यांऐवजी फुगाही वापरतात. गुंडाळलेला फुगा अरुंद भागात नेऊन पाण्याने किंवा क्ष-किरणात दिसणाऱ्या द्रवाने ठरावीक दाबापर्यंत फुगवला, की तो नळीला चहूबाजूंनी सारख्या जोराने ताणतो, तर कांडी वरून खाली घासत जाते. अनुभवी हातांत दोन्हींचे परिणाम फारसे वेगळे नसतात. खर्चात मात्र मोठा फरक पडतो, कारण फुगा एकदाच वापरण्यासाठी बनवलेला असतो आणि कांड्यांचा संच निर्जंतुक करून वर्षानुवर्षे चालतो. तिसरी पद्धत त्याहून जुनी आहे. पोटावर छेद घेऊन जठरात एक आहारनळी बसवतात, नाकातून अन्ननलिकेमार्गे एक मजबूत दोरा त्या छेदातून बाहेर काढतात आणि त्याची दोन्ही टोके बांधून ठेवतात. पुढच्या प्रत्येक बैठकीत या दोऱ्याला बांधलेल्या कांड्या खालून वर ओढता येतात, म्हणजे वाट हरवण्याचा धोका कमी होतो. आणि त्याच छेदातल्या नळीतून मुलाला दूध, पेज, नाचणीचे सत्त्व देता येते. नव्या उपकरणांच्या आकर्षणापायी ही पद्धत मागास समजली जाते, ते योग्य नाही. दूर राहणाऱ्या आणि अशक्त झालेल्या मुलासाठी ती आजही उपयोगाची आहे.

या साऱ्या कौशल्याहून निर्णायक गोष्ट आहे ती दोन बैठकांमधील अंतर. सुरुवातीला एक-दोन आठवड्यांनी, मार्ग टिकू लागला की तीन-चार आठवड्यांनी आणि नंतर महिन्या-दोन महिन्यांनी, असे अंतर वाढवत नेले जाते. ताणलेला व्रण लगेच पुन्हा आखडू लागतो. पुढची बैठक वेळेवर झाली तर आधीच्या मापापासून पुढे जाता येते, आणि सहा आठवडे उशीर झाला तर पुन्हा बारीक कांडीपासून, पुन्हा तितक्याच जोखमीने सुरुवात करावी लागते. चुकलेल्या तारखा हे केवळ शिस्तीचे अपयश मानले जाते, पण त्यांची कारणे सरळ आहेत. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचे कुटुंब दिवाळीनंतर कोयता घेऊन सहा महिन्यांसाठी घर सोडते; मुलाला घेऊन मुंबईला किंवा संभाजीनगरला यायचे म्हणजे दोघांची मजुरी, एसटीचे भाडे आणि मुक्कामाचा प्रश्न. आणि एवढे करून आले तरी बालकांना भूल देणारा तज्ज्ञ त्या दिवशी तातडीच्या शस्त्रक्रियेत अडकला, तर तारीख पुढे ढकलली जाते. या उपचारात बहुतेक ठिकाणी दुर्बीण किंवा कांड्यांपेक्षा भूलतज्ज्ञाचा वेळ हीच खरी टंचाई असते.

वारंवार ताणूनही मार्ग टिकत नसेल, तर अरुंद भागात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात किंवा मायटोमायसिन-सी या व्रणऊतीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा बोळा काही मिनिटे नेमक्या जागी धरतात. कैरोमध्ये चाळीस मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आखूड स्ट्रिक्चर असलेल्या मुलांपैकी मायटोमायसिन लावलेल्या गटात ऐंशी टक्के आणि नुसते पाणीसदृश द्रव लावलेल्या गटात पस्तीस टक्के मुले पूर्ण बरी झाली. काही केंद्रे अन्ननलिकेत तात्पुरती आधारनळी, म्हणजे स्टेंट, ठेवतात. तो सरकणे आणि त्याच्या टोकांशी नवा व्रण वाढणे हे त्याचे दोष.

हेही निष्फळ ठरले, किंवा अन्ननलिका इतकी नष्ट झाली की वाटच उरली नाही, तर नवी अन्ननलिका तयार करावी लागते. मोठ्या आतड्याचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह छातीतून वर नेऊन घशाशी जोडणे, किंवा जठरच वर ओढून घेणे, या त्यांतील प्रमुख शस्त्रक्रिया. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयात त्या मुलांसाठी विकसित झाल्या आणि कैरोच्या शल्यविशारदांनी मोठ्या आतड्याच्या पद्धतीचा प्रचंड अनुभव मिळवला. भारतातही त्या होतात. मात्र त्या मोठ्या, गुंतागुंतीच्या आणि आयुष्यभर लक्ष ठेवावे लागणाऱ्या आहेत. शल्यचिकित्सेत जुने मत असे, की मुलाची स्वतःची अन्ननलिका ही कोणत्याही पर्यायापेक्षा चांगली. त्यामुळे रुंदीकरणाच्या बैठका चुकल्याने जे मूल मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत ढकलले जाते, त्याचे नुकसान टाळता येण्यासारखे होते.

आता प्रशासनाविषयी. जिल्हा व उपजिल्हा रुग्णालये आपल्या विभागाकडे आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, आणि मुंबईतील काही सर्वांत अनुभवी रुग्णालये महानगरपालिकेकडे. स्ट्रिक्चर असलेले मूल भाजल्यावर पहिल्या व्यवस्थेत दाखल होते, दुसऱ्या किंवा तिसऱ्या व्यवस्थेत उपचार घेते आणि दोन तारखांच्या मधल्या काळात त्याच्या नावाची जबाबदारी कोणाकडेच नसते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, ही मोठी गोष्ट आहे. परंतु योजनेची रचना एकेका उपचाराच्या पॅकेजवर आधारलेली आहे, आणि पंधराव्या बैठकीला पहिल्या बैठकीइतकाच कागदोपत्री द्राविडी प्राणायाम करावा लागत असेल, तर ती रचना या आजाराला साजेशी नाही. संपूर्ण मालिकेची मंजुरी एकदाच, वर्षभरासाठी, प्रवासखर्चासह दिली जाण्याची तरतूद त्यात व्हावी.

याहून मूलभूत मागणी वेगळी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मजात दोष, कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार गटांतील निवडक स्थितींसाठी त्याची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासतात, आणि दोष आढळलेल्या मुलाचा उपचारापर्यंत पाठपुरावा करतात. वाकडे पाऊल असलेल्या मुलाला आठवड्या-आठवड्याला प्लॅस्टरसाठी आणण्याची जी शिस्त या कार्यक्रमाने रुजवली, ती नेमकी स्ट्रिक्चरसाठी हवी आहे. परंतु या स्थितींत स्ट्रिक्चर नाही; ते जन्मजातही नाही, कमतरताही नाही, आणि यादीतील बालपणीच्या आजारांतही त्याचे नाव नाही. सिकलसेल किंवा थॅलसेमियासारखे आजार स्थानिक परिस्थितीनुसार जोडण्याची मुभा राज्यांना आहेच. त्याच धर्तीवर महाराष्ट्राने ‘दाहक रसायनामुळे झालेली अन्ननलिकेची अरुंदता’ आपल्या यादीत घ्यावी. त्यासाठी नवे कर्मचारी लागत नाहीत. पथकाच्या तपासणी तक्त्यात दोन प्रश्न, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात एक नोंदवही, आणि दोन-ब किंवा त्यावरील श्रेणी असलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी तिसऱ्या आठवड्यात आशा कार्यकर्तीची एक भेट, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. प्रत्येक महसूल विभागातील एका रुग्णालयात आठवड्याचा एक ठरलेला दिवस बालकांच्या रुंदीकरणासाठी, भूलतज्ज्ञासह, राखून ठेवला तर कुटुंबाला अंतरही कमी पडेल आणि तारीखही मोडणार नाही. ऊसतोडीच्या हंगामात ज्या कारखान्याच्या परिसरात कुटुंब असेल, त्या परिसरातील केंद्राकडे मुलाचा कागद वर्ग करण्याची सोयही याच नोंदवहीतून होऊ शकते.

विक्रीचा प्रश्न आपल्या विभागाच्या थेट अखत्यारीत नसला, तरी भाजलेली मुले आपल्याच रुग्णालयांत येतात. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ च्या आदेशाने आम्लाच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. खरेदीदाराची ओळख नोंदवणे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला न विकणे बंधनकारक केले. त्या आदेशाचा रोख स्त्रियांवरील हल्ल्यांवर होता आणि तो रास्तच होता. मोरीजवळच्या बाटलीचा विचार त्यात नव्हता. अमेरिकेत या बाटलीचा विचार शंभर वर्षांपूर्वी सुरू झाला. फिलाडेल्फियातील घशाचे शल्यविशारद शेव्हलिए जॅक्सन लाय, म्हणजे कॉस्टिक अल्क, गिळलेल्या मुलांच्या अन्ननलिका आयुष्यभर रुंद करीत राहिले आणि सोबत त्यांनी कायदेमंडळाचा पिच्छा पुरवला. परिणामी १९२७ मध्ये अशा पदार्थांवर विषाची ठळक सूचना छापणे सक्तीचे झाले. परंतु दोन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. ती उणीव १९७० च्या दुसऱ्या कायद्याने भरून काढली. त्याखालील नियमांनुसार दहा टक्के किंवा अधिक सोडियम वा पोटॅशियम हायड्रॉक्साइड असलेल्या घरगुती पुडीला आणि दोन टक्के किंवा अधिक असलेल्या द्रवाला लहान मुलाला न उघडणारे झाकण लागते, आणि ते झाकण खरोखर उघडत नाही हे मुलांच्याच हाती देऊन तपासले जाते. भारतात विष अधिनियम, १९१९ अन्वये विषारी पदार्थांची विक्री, साठवण आणि वेष्टनावरील मजकूर यांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. अशी झाकणे तयार करणे अवघड नाही. दाबून फिरवावे लागणारे झाकण औषधांच्या बाटल्यांवर आजही दिसते. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटलीत आम्ल भरून विकण्यावर स्पष्ट बंदी आणि घरगुती दाहक पदार्थांना असे झाकण, हे दोन नियम गृह विभाग आणि अन्न व औषध प्रशासन यांच्याशी बोलून आपल्या विभागाने पुढे रेटावेत.

एक बाब उरते आणि ती नोंदवहीच्या मुदतीशी निगडित आहे. दाहक रसायनाने भाजलेल्या अन्ननलिकेत कित्येक दशकांनी कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असतो. म्हणून इजेनंतर साधारण पंधरा ते वीस वर्षांनी दुर्बिणीतून नियमित तपासणी सुरू करावी, असा सल्ला दिला जातो. दुसऱ्या वर्षी भाजलेले मूल त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर असेल, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या अठरा वर्षांच्या मर्यादेबाहेर गेलेले असेल, आणि त्याला आपण काय गिळले होते हे बहुधा आठवतही नसेल. त्याच्या हाती कोणते रसायन, कोणती श्रेणी, किती बैठका आणि पुढची तपासणी कधी, इतके लिहिलेला एक कायमचा कागद बालविभागातून बाहेर पडताना दिला जाईल, अशी तरतूद याच नोंदवहीत आरंभीच करावी, ही विनंती.

कळावे.